जयसिंगच्या मापाची जागा

मी, पांडुरंग केशवराव शितूत, वय सत्तावीस, राहणार मानिक चौक, झाशी, धंदा फोटो काढणे आणि कापणे, माझ्यामागे भांडणं नकोत म्हणून हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात टहरौलीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडलो तेव्हा फक्त खांदा निखळला. कुणाचा दबाव नाही. कमळाबाईकाकू लग्नासाठी आणतात तो वेगळा.

१. कॅमेरा आणि कात्री बहीण बकुळा हिला. मामांची माफी तिनेच मागावी. अल्बममधून कापलेलं त्यांचं डोकं सध्या ग्वाल्हेरच्या प्रदर्शनात उंटावर आहे.

२. मोटारसायकल जो ढकलत नेईल त्याची. हिच्यापायी बी.ए. राहिलं. ओरछ्याला दुपारपुरता गेलो, सतरा दिवसांनी परतलो, परीक्षा होऊन गेली होती. ओरछ्याचे घाट मात्र, असो.

३. दिल्लीचे गॅलरीवाले रमाकांतजी यांना माझी बक्षिसाची ढाल. ती त्यांच्याच लेखणीची कमाई.

४. बबिन्याच्या सौ. प्रेमलाताईंना त्यांचा फोटो. याचं सविस्तर लिहितो. तिथल्या लष्करी छावणीतल्या बायका मुलांना घेऊन आमच्या स्टुडिओत येतात, सरहद्दीवरच्या नवऱ्याएवढी जागा मधे सोडून उभ्या राहतात. नवरा तिकडून फोटो धाडतो, मी तो कापून त्या जागेत चिकटवतो. प्रेमलाताईंचा फोटो मी जागा रिकामी असतानाच दिल्लीला पाठवला. रमाकांतजींनी त्याला 'अनुपस्थिती' नाव दिलं आणि खाली छापलं, जवान परतला नाही. परतला नव्हताच, त्यांच्या नवऱ्याला, जयसिंगला, रजा मिळाली नव्हती. मी गप्प बसलो. बक्षीस मिळालं, ढालीबरोबर फोटो माझ्याकडे परत आला. दुसरी प्रत निघू नये म्हणून निगेटिव्हही त्यांच्या सांगण्यावरून कापली.

पेपरात बातमी आली तशा बबिन्यातल्या बायका सांत्वनाला गेल्या. शेजारच्या बायडाबाईंनी प्रेमलाताईंच्या बांगड्यांना हात घातला. जयसिंगची तार चौथ्या दिवशी आली.

दिवाळीत तो स्वतः स्टुडिओत आला. म्हणाला, "माझ्यामागं कोण किती रडतंय ते कळलं, त्याचं काय नाय. पण त्या जागेत मला उभा कर." मी म्हटलं, आता ती कलाकृती आहे, रमाकांतजींकडे गिऱ्हाईक आलंय, जागा भरली तर कोण घेईल. आज-उद्या करत राहिलो. म्हणून हे कलम: मी मेल्यावर फोटो प्रेमलाताईंना मिळावा.

५. आज साक्षीला दुसरा माणूस मिळेना म्हणून जयसिंगलाच बोलावलं. कचहरीसमोरचे टायपिस्ट नामदेवजी म्हणाले, वस्तू ज्याच्या घरात जायची त्याने साक्षीची सही करू नये, उद्या झगडा होतो. प्रेमलाताई बाकावर बसल्या होत्या.

"भैया, मग आत्ताच चिकटवा ना. तुमच्या मरणाची वाट बघायला आम्हाला कुठं सवड आहे?"

जयसिंगने खिशातून स्वतःचा फोटो काढला. कलमासोबत दाखवायला मी तो बक्षिसाचा फोटो आणला होता, त्यातल्या जागेत नामदेवजींच्या टेबलावर, त्यांच्याच डिंकाने चिकटवला. माणूस मापापेक्षा जरा उंच निघाला, धाकट्याचा कान झाकला गेला. प्रेमलाताईंनी फोटो पदराने पुसला आणि पिशवीत घातला. रमाकांतजींना कार्ड टाकलं: जवान परतला.

सबब कलम ४ रद्द. सदर फोटो आता माझ्या मालमत्तेत नाही.

सही: पांडुरंग केशवराव शितूत
साक्षीदार: १. नामदेवजी, टायपिस्ट
२. जयसिंग, हवालदार, हयात

सिविल लाइंस, झाशी
१४ नोव्हेंबर १९८७