रांजणातला सेनापती

प्रिय शहाणे,

तुझं नाव लिहीत नाही. शहाणी म्हटलं की या घरात तुझ्याशिवाय दुसरं कोणी मान वर करत नाही. माझ्या अक्षराला नावं ठेवू नकोस. दुसरीतून उठले ती थेट चुलीपुढे बसले, त्यामुळे माझ्या ओळी चढणीला लागतात. कॉलेजात इतिहास शिकवतेस, तर एवढी चढण चढशील.

तुझा पेपरातला लेख वाचला. बोट ठेवून वाचला, दुपारच्या दुपार गेली. ढेरपोट्या राजा आणि भित्र्या सेनापतीच्या चित्रांच्या पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना खुळं केलं, असं लिहिलंस. खरं लिहिलंस. मला ती कधीच आवडली नाहीत. राजाच्या शिंकेने किल्ला पडतो, भर लढाईत हत्ती बसकण मारतो, आणि ते वाचून घोड्याएवढे बाप्ये डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात! असल्या रद्दीला मी कपाट दिलं, हाच माझा मोठेपणा.

पण पिढ्या म्हणजे कोण, ते तरी लिहायचंस. तुझे आजोबा छापखान्यात होते. रंग सरकलेली टाकाऊ पुस्तकं ते घरी आणायचे. म्हणून आपल्या राजाच्या नाकाचा लाल रंग कानावर आहे. तुझ्या बापाने ठरवून टाकलं होतं की राणी रोज सकाळी त्याचा कान पिळते. आणि तू? मैत्रिणीकडे धड छापलेलं पुस्तक पाहिलंस आणि हे नकली आहे, याचा कान लाल नाही म्हणून तिच्याशी भांडून आलीस. इतिहासाची मास्तरीण म्हणे.

ती पुस्तकं इतकी का टिकली, यावर तू दोन रकाने भरलेस. मला विचारायचंस. तुझे आजोबा दिवसभर मालकापुढे मान खाली घालून उभे राहायचे आणि घरी येऊन राजा चिखलात पडला की मांडी बडवायचे. तुझ्या बापाला त्याच राजात हेडमास्तर दिसायचे. तुला बाप दिसायचा, ढेरी तर हुबेहूब. राजा एकच, ज्याला जो पाडायचा तो त्याने पाडावा. तुमच्या जाडजूड पुस्तकांत सगळे शूर, सगळे रुबाबदार, कोणाला साधी सर्दी होत नाही. ते दुसऱ्यांदा कोण वाचेल?

तर सांगायचं ते वेगळंच. या घराण्याला एक रोग आहे. चुकलं म्हणायला जीभ उचलत नाही. तुझ्या आजोबांनी त्यावर काढलेला तोडगा तुला आठवत असेलच. ज्याला आपली चूक कळली, त्याने सेनापती रांजणात लपलाय ते पान उघडून समोरच्याच्या अंथरुणावर ठेवायचं. रांजणातून नुसतं डोकं बाहेर, त्यावर उलटा शिरपेच. समोरच्याने हसून पुस्तक कपाटात ठेवलं की भांडण संपलं. मिशा फुटलेली माणसं हे करायची! माझ्या उशाशी ते पान कितीदा पडलं. मी पुस्तक मुकाट्याने जागेवर ठेवायचे, हसायचे नाही. निदान त्यांच्यासमोर नाही.

तुझा लेख तुझ्या बापाने चष्म्याच्या दुकानात वाचला. एका गिऱ्हाइकाने कौतुकाने पुढे केला, तुमची लेक ना, म्हणून. त्यात ते वाक्य, बुद्धी लहानपणीच थांबलेले वाचक. जगाच्या डोळ्यांना नंबर काढून देणारा माणूस, पण ते वाक्य त्याला स्वतःच्याच तोंडावर मारल्यासारखं दिसलं. मग फोन. तो फोनचा आवाज मोठा करून बोलतो, त्यामुळे तुमची अक्कल मला स्वयंपाकघरात बसल्या बसल्या ऐकू आली. तो म्हणाला, मग लहानपणी तुला ती वाचून कोणी दाखवली गं? तू म्हणालीस, तुम्हीच, दुसरं काही वाचता कुठे येतं तुम्हाला? झालं. तेव्हापासून त्याचं तोंड इथे फुगलेलं, तुझं तिथे.

तुझा विषय काढला की तो ताट सरकवून उठतो. वरची तुझी खोली मात्र रोज स्वतः झाडतो. मला वाटलं, स्वच्छतेचं नवं वेड. माझे गुडघे मला जिना चढू देत नाहीत, म्हणून बघायला गेले नव्हते. काल जादा उशी हवी होती आणि हा दुकानात, तेव्हा बसत उठत चढले. तुझ्या पलंगावर पुस्तक उघडं पडलेलं. तेच पान. खिडकीतलं ऊन खाऊन सेनापती पिवळा पडलाय. पुस्तक उचललं, तर खाली चादरीचा चौकोन नव्यासारखा निळा, बाकी सगळी चादर विटलेली. किती दिवस झाले असतील ते तूच काढ, पुराव्यांचं शिक्षण तुझं आहे. ज्या पोरीने बाहेर बिऱ्हाड थाटलं, तिच्या रिकाम्या पलंगावर माफी ठेवून हा गाढव खाली वाट बघत बसलाय! एक फोन करावा? छे. पान अंथरुणावरच ठेवायचं असतं ना! पुस्तक बाजूला घेऊन झाडतो आणि परत तसंच उघडून ठेवतो, दुसरं काय.

म्हणून ते पुस्तक या पत्रासोबत पाठवतेय. त्याला विचारलेलं नाही. पान मिटू नये म्हणून कपड्यांचा चिमटा लावलाय, तो परत आण. आधी ते तुझ्या अंथरुणावर ठेव आणि मग बघ, नाहीतर म्हणशील रीतसर मिळालं नाही. तिथे हस, रड, काय करायचं ते कर. पण ते ठेवायचं कपाट इथे आहे, तुझ्याकडचं चालत नाही. उद्या तो झाडू घेऊन वर जाईल आणि पलंग रिकामा बघून सगळं घर डोक्यावर घेईल. मला विचारील. मी सांगणार, ज्याने उचलायचं त्याने उचललं. आता या वयात मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
त्या पानावर कधीही न हसलेली
आजी