मागचा पडदा हलत होता

महाळुंगे,
ऑक्टोबर २००९

प्रिय अमोघ,

‘प्रिय’ लिहायचं आज मनात नव्हतं, पण आईनं लावलेलं वळण सुटत नाही. पुढचं सगळं रागात लिहितेय, तसंच वाच.

तुझी बहीण पोटासाठी काय करते, हे टोरांटोला गेल्यावर तू विसरलास बहुतेक. हिंजवडीत मी दिवसभर व्हिडिओ कॉलच तपासत असते. तुझा चेहरा आणि आवाज छोट्या छोट्या पॅकेटांत भरून निघतात आणि त्यातली काही वाटेत हरवतात. हरवलेल्यांसाठी कुणी थांबत नाही, नाहीतर बोलणंच खोळंबेल. आधीच्याच आवाजाचं ठिगळ लावून कॉल पुढे जातो. फारच हरवली की चित्राचे चौकोन होतात, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, आणि चित्र थिजलंच तर सगळं थिजतं. माणूस थिजलाय आणि त्याच्यामागचा खिडकीचा पडदा मजेत हलतोय, असं होत नाही रे बाळा.

गणपतीत आईनं तुला विचारलं, “हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरतंय, त्याआधी येशील का?” तू तोंड अर्धवट उघडं ठेवून पुतळा झालास. मग कॉल बंद. मी दुसऱ्याच दिवशी खरमरीत मेल टाकली, तिला तुझं उत्तर नाही.

आईला वाटलं, दोष आपल्याकडचा. इथे रोज नवी इमारत उठतेय, खोदताना केबल तुटली असणार, म्हणून ती खाली जाऊन जेसीबीवाल्या गोरखशी भांडली. तो बिचारा म्हणाला, “आजी, आमी हितं अजून खणलंच न्हाई.” मग तिनं मला धारेवर धरलं. मी वैतागून सांगितलं की, समोरचं जितकं हलेल तितकी जास्त पॅकेटं लागतात. ते तिनं मनावर घेतलं. तेव्हापासून दर रविवारी तुझ्यासमोर बसताना ती पंखा बंद करते, बिनफुलांची साडी नेसते आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवते. आपली आई, जिला हातवारे केल्याशिवाय भाजीचा भावही सांगता येत नाही. या उकाड्यात घामानं निथळत ती न हलता बसते, का तर तिचा प्रश्न तुझ्यापर्यंत पोचावा. आणि तू तोच प्रश्न टाळायला पुतळा होतोस. लाज कशी वाटत नाही? यायचं नसेल तर तसं तोंडानं सांग. रजा नाही म्हण, जिवावर येतंय म्हण, काहीही म्हण. तुझ्या उत्तराची वाट बघत तिनं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं आणि डॉक्टर माझ्यावर ओरडले.

परवाच्या रविवारी तिनं पुन्हा विचारलं. तू पुन्हा पुतळा. या वेळी आई चष्मा लावून स्क्रीनजवळ सरकली आणि बराच वेळ तुझ्या मागे बघत राहिली. मग तिनं मांडीखालून हात काढले, उठून पंखा लावला आणि मला म्हणाली, “त्याला कळव, आपल्याकडचंच नेट गेलंय. उगाच अवघडायला नको त्याला.” सोमवारी तिनं स्वतःच डॉक्टरांना फोन करून तारीख घेतली.

ऑपरेशन या गुरुवारी आहे. तुला याबद्दल फोन किंवा मेल करायची नाही, अशी तिनं मला शपथ घातलीय. पत्राचं काही बोलली नाही. हे पोचेल तेव्हा ऑपरेशन होऊन गेलेलं असेल, त्यामुळे ये म्हणायला लिहीत नाहीये. तिनं पडदा पाहिलाय, एवढं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. उशिरा आलेलं पॅकेट आमचं सॉफ्टवेअर सरळ फेकून देतं, आणि मीही तेच केलं असतं. आई तसं करणार नाही. ती यातून उठली, तर तू कधीही आलास तरी पंखा लावेल, ताट वाढेल आणि नेटलाच दोष देईल. मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो.

तरीही तुझीच,
मेधाताई