मामींनी घासून काढलेलं ग्राफीन

प्रकाशा, मंगळवार

तीर्थस्वरूप लोटनमामा यांना भाची प्रतिभाचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. तुमचं पित्त, दुकानातला कूलर आणि नवी मोटारसायकल यांची प्रकृती कशी आहे ते कळवावं. (मोटारसायकलची मुद्दाम विचारते, कारण सगळं तिच्यावरूनच सुरू झालं.) फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी "जेवलीस का?" विचारता आणि मुद्दा भाजीत जातो.

तर, मीनामामी आमच्या दारात उभ्या राहिल्या त्या शालू नेसून, हातात आहेराची पिशवी घेऊन. शहाद्याच्या लग्नाला जाताना तुम्ही पेट्रोल भरायला थांबलात, मामी खाली उतरल्या, आणि त्या पदर सावरेपर्यंत तुम्ही गाडी काढलीत. पुढे मांडव येईपर्यंत मागच्या रिकाम्या सीटशी उसाच्या भावावर बोलत होतात म्हणे. (हे तुम्हीच बाबांना सांगितलंत, म्हणून खरं धरते.) मामी मिळेल त्या जीपने सरळ नणंदेकडे म्हणून आमच्याकडे आल्या. रागावल्या की त्या भांडत नाहीत, घासतात. आधी पितळी भांडी झाली, मग खिडक्यांचे गज, मग बाबांच्या चपला. आणि मग माझी काच.

ही काच म्हणजे माझी पीएच.डी. आहे, मामा. नखाएवढ्या तुकड्यावर ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा, फक्त एका अणूच्या जाडीचा थर. त्याची गंमत अशी की मंद प्रकाश आला तर थर त्यातला थोडा गिळतो, पण प्रखर झोत आला की त्याचं पोट भरतं आणि बाकीचा प्रकाश सुखरूप पार होतो. आमच्या भाषेत याला अरेषीय गुणधर्म म्हणतात. असा थर लेसरमध्ये बसवला की सलग प्रकाशाचे अतिशय छोटे छोटे ठोके पडतात, सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी छोटे. दुसऱ्या दिवशी मला तो सुरतच्या प्रयोगशाळेत लावून बघायचा होता. तिथल्या लेसरवर पाळी मिळवायला मी पुण्याहून किती अर्ज केले ते विचारू नका.

मामींनी काच राखेने घासून, पदराने पुसून, लख्ख करून माझ्या हातात ठेवली. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "त्यावर काहीच नव्हतं व माय, तरी मी घासी टाकी." काहीच दिसत नाही हाच तर त्या थराचा मोठेपणा होता. मी मात्र न्हाणीत जाऊन रडून आले.

बाहेर आले तर मामीही रडत होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की ग्राफीन काढायची एक जुनी, सोपी रीत आहे: ग्राफाइटचा खडा चिकटपट्टीवर दाबायचा, पट्टी घडी करून उकलायची, पुन्हा घडी करायची, म्हणजे थरातून थर सुटत जातात. खडा माझ्या बॅगेत होता. मामींनी डोळे पुसले आणि बाबांना चिकटपट्टी आणायला पिटाळलं. मग काय, आई, बाबा, शेजारच्या तापीबाई, सगळे ओट्यावर बसून पट्ट्या उकलतायत! (तापीबाईंची बोटं एकमेकांना चिकटली, ती खोबरेल लावून सोडवली.) मामींच्या उकलण्यात मात्र वेगळाच जोर होता. प्रत्येक ओढीला त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मला "पंप" एवढंच ऐकू आलं.

सुरतेला त्या माझ्याबरोबरच आल्या. नंदुरबारला गाडी सुटताना मी आत आहे ना, हे त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं. प्रयोगशाळेत आम्ही पट्टीवरचा थर काचतंतूच्या, म्हणजे लेसरचा प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या धाग्याच्या, टोकावर दाबला. माझ्या पट्टीने काही झालं नाही. आईच्याही नाही. मामींची लावली आणि पडद्यावर ठोक्यांची रांग उभी राहिली, मामा! मी ओरडलेच. तिथले सर खुर्ची सोडून उठले. मामींनी पडदा नीट न्याहाळून सरांना विचारलं, "हाऊ उजेड इतला पयस, पन मांगलाले संगे लेस का?" (हा उजेड इतका पळतो, पण मागच्याला सोबत घेतो का?) सरांना अहिराणी येत नाही. मी भाषांतर केलं की बाई दोन ठोक्यांमधल्या अंतराबद्दल विचारतायत. सर फार खूश झाले. म्हणाले, अंतर कायम सारखं राहतं, मागचा कधीच मागे पडत नाही. मामी मान हलवून एवढंच म्हणाल्या, "तुन्हा मामाले सांग."

म्हणून सांगितलं. मामी इथे अगदी मजेत आहेत, त्यांना तुमची आठवण येत नाही, काळजी नसावी.

तुमची भाची,
प्रतिभा

ता. क. : आमच्याकडे घासण्यासारखं आता काही उरलेलं नाही. काल बाबांच्या मोटारपंपाकडे त्यांची नजर गेली. तुमच्या तळोद्याची गाडी आली की त्या फाटकापर्यंत जाऊन येतात आणि "कुत्रं हाकलायला गेले होते" असं सांगतात. आमच्या गल्लीत कुत्रं नाही. तुम्ही स्वतः या.

आणखी एक ता. क. : हे पत्र मामींनी वाचलं. "येवाची काही गरज नही" असं लिहायला सांगितलंय. फक्त कितीच्या गाडीने येणार ते आधी कळवा, कारण भरताची वांगी त्यांना गरम गरमच सोलायची आहेत. मोटारसायकल घरी ठेवा.