एमोकेच्या वडिलांवरची बादली

लाडक्या आई,

तुझा कॉलेजबुडव्या खुशाल आहे, आणि हो, वेळेवर जेवतो.

इथे निवडणुकीत गावाचा उमेदवार पडला. प्रोटेस्टंट म्हणतात कॅथलिकांनी पाडला, कॅथलिक म्हणतात प्रोटेस्टंटांनी. आमच्या बेकरीत आता पावालाही दोन रांगा लागतात.

तरी ईस्टरच्या सोमवारी, पोरांनी आवडत्या पोरीला पाण्यानं भिजवायच्या रीतीप्रमाणे, मी बादली भरून माझ्या मनातल्या एमोकेला भिजवायला गेलो. दारातच तिचे वडील, पक्के प्रोटेस्टंट गेदेओनकाका.

"आपला माणूस बुडवलात, आता माझी पोरगी भिजवायला आलास होय रे, कॅथलिका?"

"तुमची माणसं तर मत द्यायला घराबाहेरच पडली नाहीत!" माझं डोकंच फिरलं. अख्खी बादली त्यांच्यावर रिकामी केली.

आई, वाटलं, जुळायच्या आधीच मोडलं. एमोके खिडकीत कपाळाला हात लावून उभी. पण ज्याला भिजवलं त्यानं रंगवलेलं अंडं द्यायचं, ही रीत त्यांच्यातही आहेच ना! काका निथळत आत गेले आणि लाल अंडं आणून माझ्या हातावर आपटलं.

"पुढच्या वर्षी नेम नीट धर, गाढवा. पोरगी खिडकीत होती."

बाबा अजून कॉलेजवरून धुमसतायत का? त्यांना अंड्याचं सांग, बादलीचं नको.

तुझाच,
बालिंत