दोन्ही देशांत गाजलेला ऑर्गन

१ मार्च १९६५, ओल्डम.
बँड सोडला. गेल्या आठवड्यात लंडनला 'डोरोथी, दार उघड' रेकॉर्ड केलं, तेव्हाच आमचा गायक डेरेक ऑग्डन याला बजावलं होतं, की हे गाणं डोरोथीसुद्धा ऐकणार नाही. डेरेक म्हणाला, नॉर्मन, तू फक्त ऑर्गन बघ. निश्चय: ती रेकॉर्ड जन्मात ऐकायची नाही. यापुढे स्वतःचं संगीत.

१३ मे.
इंग्लंडात पहिला नंबर. लोकांची अक्कल गहाण पडली, त्याला मी काय करणार. रेडिओवर डेरेकचा कोंबडा आरवला की मी परसात जातो. बेरिल आत बसून अख्खं गाणं ऐकते. बायको असून. आज म्हणाली, जरा घाईच केलीस. म्हटलं, अमेरिकेत याला कुत्रं विचारणार नाही.
स्वतःचं संगीत: सोमवारपासून.

२९ मे.
अमेरिकेतही पहिला. इथला नंबर अजून हललेला नाही. दोन देश एकदम बहिरे. पेपरात डेरेक, न्यूयॉर्कच्या विमानतळावर बत्तिशी काढून.
परसात शांतपणे विचार केला. गाण्यात आहे काय? शब्द भिकार, गळा भिकार. उरला मधला ऑर्गन. म्हणजे दोन्ही देशांनी पहिला नंबर दिलाय तो मला. बेरिलला सांगितलं. ती बटाटे सोलत राहिली.
कामगार क्लबचे सेक्रेटरी विल्फ एंटविसल यांना भेटून आलो. रविवार दुपारचा कार्यक्रम ठरला. पाटीवर 'दोन्ही देशांत गाजलेला ऑर्गन' असं लिहायला सांगितलं.

६ जून, रविवार, दुपारी ३.
बिंगोनंतर मी. स्वतःचं संगीत अर्धं मिनिट चाललं. मग सगळ्यांना डोरोथी हवी. मोठ्या मनाने वाजवली. मध्येच विल्फनी माइक घेतला, म्हणाले, बास लेका, तुझे पैसे घे नि जा, रेकॉर्डवर हे असं नाहीये. म्हटलं, रेकॉर्डवर मीच आहे. बारमधल्या रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रात स्वतःचं नाणं टाकून डोरोथी लावली नि सगळ्यांना गप्प केलं.
पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. ऑर्गन फार सुरेख आहे. माझा नाही. मी बँड सोडल्यावर त्यांनी ऑर्गनवर दुसऱ्याच कुणाला बसवून पुन्हा रेकॉर्ड केलं.
विल्फनी खिशातून एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. तेच जास्त लागलं.
बेरिल आली होती ऐकायला; घरी येताना तिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, महिनाभर बैठकीच्या खोलीत तुझी तालीम ऐकली होती मी, रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हाच कळलं. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगणार कधी, तू परसात असायचास.