जातं रिकामं फिरायचं तिथे

आई, तुझ्या जात्यावरच्या ओव्या मी आता पुस्तकात लिहिते आहे. पैनगंगेपलीकडच्या निजामाच्या राज्यातून आपण दोघीच कशा निसटलो, ते छापून यावं असं सगळ्यांना वाटतं. तू स्वतःहून कधी काही सांगितलं नाहीस. रिसोडच्या भाड्याच्या खोलीत पहाटे दळताना मात्र गायचीस आणि मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची.

रझाकार गावात शिरले, कडब्याची गंजी पेटली, बाबांना ओट्यावरून ओढत नेलं, सगळं तुझ्या ओव्यांत होतं. 'नदीच्या पल्याड बाई, राह्यला माहा धनी, अल्याड दळण दळते, संगं नाही कोनी.' हे म्हणताना तुझा आवाज कापतही नसे. पण शेजारच्या मुसलमान खालाची ओवी आली की सगळं अडायचं. तिनं आपल्याला तिच्या घरात रिकाम्या कणगीत बसवलं, वर गोधडी टाकली आणि दारात आलेल्यांना परतवून लावलं, एवढं गाऊन तू गप्प. मग जात्यात मूठभर ज्वारीही घालायची नाहीस. रिकामं जातं फिरवू नये म्हणून शेजारणींना टोकणारी तू, ते तसंच फिरवत राहायचीस.

"इथंच थांबते काहून?" मी एकदा विचारलं.

"निजाम हरल्यावर तिच्या घरावर लोकं चालून गेले म्हनतात. आपलेच लोकं. तिच्यावर काय गुदरलं, मले काय ठाव? तिचं गानं म्या कसं म्हनू?"

पुढे मी जगल्यावाचल्यांची पुस्तकं वाचत गेले. फाळणीची, दूरदेशीच्या छळछावण्यांची. ती माणसं चुलीबद्दल, चपलांबद्दल सविस्तर लिहितात आणि एखाद्या दारापाशी एकदम थांबतात. वाचणाऱ्यांना ते अपुरं वाटतं. मला तू दिसतेस, आणि फार एकटं वाटतं, कारण हे बोलायला तूच हवी होतीस. खालासारख्या कुणी स्वतःबद्दल लिहिलेलं काही आहे का, तेही शोधलं. आपल्या भागातलं काही हाती लागलं नाही.

आता छापणारे म्हणतात, त्या बाईचं पुढे काय झालं ते कल्पनेनं भरा. काल बसलेही भरायला. तिचा चेहरा लिहायला घेतला, तर तो आठवेचना. गोधडी बाजूला सारून भाकरी देणारा, हिरव्या बांगड्यांचा हात तेवढा आठवतो. ती जागा मी कोरी ठेवली आहे. तिचं नाव तरी तुला विचारून ठेवायला हवं होतं, आई. मी आपली नुसती खालाच म्हणत राहिले.