पहिला घास

६ जाने., सोम.
हेडमास्तर रिटायर झाले, जागा रिकामी, म्हणून इन-चार्ज मी. दहावीचं गणितही मीच. ऐन गणिताच्या तासाला उठायचं, स्वयंपाकघरात जाऊन सारू-भाताची, म्हणजे आमटी-भाताची चव घ्यायची (मुलांच्या आधी हेडनं खायचं असा नियम), मग मुलांना वाटलेल्या अंड्यांचे फोटो ब्लॉक ऑफिसला पाठवायचे. वर्गसमीकरणं तिथंच अडकलीत. मार्चमध्ये परीक्षा. ब्लॉक ऑफिसच्या शिक्षण साहेबांकडे शिक्षक मागितला. म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, मॅडम." थोडं जुळवून घ्या म्हणे! डोकं फिरलं.

८, बुध.
आज सारू आंबलेलं. स्वयंपाकीण गौरम्मा म्हणते, चिंच जास्त झाली. चिंच मला कळत नाही? ओतायला लावलं. ती रडली, मुलं उपाशी. कोपऱ्यावरच्या दुकानातून चुरमुरे, केळी आणून वाटली.
संध्याकाळी साहेबांचा फोन. पेपरवाले विचारतायत म्हणे. जेवण चांगलं होतं, माझीच चूक झाली, असं लिहून द्या. आणि पोरं आजारी पडली असती तर? तेव्हाही चूक माझीच.

९, गुरु.
नाही लिहिलं. साहेब थंडपणे: टी. नरसीपूरच्या शाळेत माणसं कमी आहेत, तुम्हाला डेप्युटेशनवर पाठवू. दहावीचं काय? "नोडोणा." बघू म्हणे! अख्ख्या वर्गाचं वर्ष, आणि हे बघणार.
रात्री जेवताना आमचे हे, "लिहून दे की गं. सुम्ने, उगाच कशाला डोकं तापवतेस? पोरांसाठी म्हणून दे." त्यात तथ्य आहे, म्हणूनच जास्त संताप. मी ताटावरून उठले. हेडमास्तरीण व्हायची मला केवढी हौस होती.

१०, शुक्र.
आज शाळेतल्या हेडच्या ऑफिसात गेलेच नाही. फोन वाजू दिला. वर्गसमीकरणं सुरू. मंजुळानं फळ्यावर एक सोडवलं, बरोबर. कितीतरी दिवसांनी नोकरी बरी वाटली.
तेवढ्यात दारात गौरम्मा, ताटली घेऊन. वर्गासमोरच घास घेतला. सारू ताजं, मीठ जास्त. वाढ म्हटलं. जाताना हळूच म्हणाली, बुधवारी आदल्या दिवशीचंच तापवलं होतं. ब्लॉक ऑफिसातून डाळ आली नव्हती, साहेबांना तिनं सांगितलंही होतं.
म्हणजे त्यांना ठाऊक होतं! आणि चूक माझ्याकडून लिहून हवी.
लिहून द्यायचा कागद कोराच. संध्याकाळी निरोप आला, तो न्यायला सोमवारी साहेब स्वतः येणार. मी जेवणाच्या सुट्टीतच बोलावलंय. पहिला घास त्यांचा, सगळ्या पोरांसमोर. त्यानंतर दहावीपुढे मी असेन की टी. नरसीपूरला, कोण जाणे.